शास्त्रात शेपू शोभत नाही

सोमवार, ता. ९ डिसेंबर १९०७

माझे नाव सावळाराम बिन चांगदेव हांडे; वय वर्षे चौसष्ट; जात मराठा; राहणार कसबे जुन्नर; शिक्षण मराठी चौथी इयत्ता, परीक्षा देऊन उत्तीर्ण. घाटघर येथील नाक्यावर मालाची नोंद ठेवण्याचे काम तेवीस वर्षे केले व चांगल्या वर्तणुकीचा दाखला घेऊन मोकळा झालो. लोक मला नाकेदार म्हणतात. माझा हुद्दा कारकुनाचा होता; परंतु लोकांच्या म्हणण्यास मी हरकत घेत नाही. सत्य प्रतिज्ञेवर लिहून ठेवतो की, आजपासून ही दैनंदिनी सुरू करीत आहे. माझ्याकडे एक जबाबदारीचे काम आले असून, पुढेमागे वाद निघाल्यास कोण केव्हा काय म्हणाले याचा पुरावा असावा.

काम येणेप्रमाणे. ख्रिस्ती शास्त्राचे मराठी भाषांतर तपासून सुधारण्याचे पुण्यास चालले आहे. जे शब्द अडले ते गावोगावच्या पाद्र्यांकडे चौकशीस धाडले आहेत. आमच्या पाद्रीसाहेबांच्या वाट्यास एक शब्द आला, तो मसाल्याच्या जिनसेचा. नाणेघाटाने वर येणारा प्रत्येक मसाला ज्याने पोते उघडून पाहिला, असा इसम या कसब्यात एकच आहे. म्हणून साहेबांनी मला परवा बोलावले आहे. मोबदला घेणार नाही, असे आधीच कळवले.

माझे कुटुंब बयाबाई हिला ही हकिकत सांगितली. ती म्हणाली, बरे झाले. आणि डिंगोऱ्यास कधी निघणार, असे विचारले. दोन विषय एकत्र करू नयेत, असे मी तिला समजावले.

बुधवार, ता. ११ डिसेंबर

पाद्रीसाहेबांनी खुर्ची दिली. त्यांचे मराठी शुद्ध आहे. आमच्या कसब्यातील पुष्कळांपेक्षा शुद्ध आहे, असे मी त्यांना सांगितले व त्यांनी ते मान्य केले नाही.

शब्द यवनी, म्हणजे ग्रीक भाषेतील आहे: अनेथॉन. ज्या वाक्यात तो येतो, त्यात येशू ख्रिस्त हे शास्त्र्यांना व परूशी नावाच्या कर्मठ लोकांना बोल लावतात. म्हणतात की, तुम्ही पुदिन्याचा, या अनेथॉनाचा व जिऱ्याचा दहावा हिस्सा देवाला काटेकोर मोजून देता, आणि न्याय, दया व निष्ठा या भारी गोष्टी सोडून देता. जुन्या भाषांतरात अनेथॉन म्हणजे बडीशेप असे धरले आहे. साहेबांस शंका अशी की, ते बडीशेप नसावे.

मी वाक्य दोनदा वाचून घेतले. हे परूशी लोक घरच्या पुदिन्याचीही नोंद ठेवीत, हे ऐकून त्यांच्याविषयी आदर वाटला. नाक्यावर असा एक जरी हाताखाली मिळाला असता तर काम हलके झाले असते. त्यांच्यावर रागावण्याचे कारण काय, असे मी विचारले. साहेब म्हणाले, बाकीच्या गोष्टी राहिल्या म्हणून. मी म्हटले, नोंदी तर बरोबर होत्या; बाकीच्या बाबींस वेगळा कारकून नेमलेला नसावा. साहेबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

शुक्रवार, ता. १३ डिसेंबर

बाजारपेठेत केवलचंद यांचे किराणा दुकान आहे. मूळचे मारवाडचे, जैन. परंतु तीन पिढ्या जुन्नरात गेल्याने बोलणे आपल्यासारखेच. पाद्रीसाहेबांच्या शास्त्रासाठी जिनसा बघण्यास आलो म्हणताच त्यांनी कागदावर बडीशेप, जिरे, शहाजिरे, ओवा व बाळंतशोपा अशा ओंजळी मांडल्या. बाळंतशोपा म्हणजे शेपूचे बी, बाळंतिणीस देतात ते.

“नाकेदार, देवाला यातली कोणती जिन्नस लागते ते कळवा,” ते म्हणाले, “पोत्यानं देतो. उधार मात्र नाही, गिऱ्हाईक लांब राहतं.”

मी वाक्याचा अर्थ सांगितल्यावर ते हसले. त्यांच्या मातोश्री उगमबाई आतून ऐकत होत्या. केवलचंद म्हणाले की, आमच्यातही तसेच आहे. कांदा खाल्ला का, हे चारजण विचारतात. तोलताना तराजूला चोरून हात लावला का, हे कोणी विचारत नाही. आतून उगमबाई म्हणाल्या, मी विचारते. त्यावर त्यांनी मला चिमूटभर बडीशेप चघळण्यास दिली.

पाचही जिनसा पुड्या बांधून, पुड्यांवर नावे घालून घरी आणल्या. बयाबाईने बाळंतशोपांची पुडी उचलून घेतली व डब्यात ठेवली. तो नमुना आहे, असे सांगितले. ती म्हणाली, माझाही नमुनाच आहे.

शनिवार, ता. १४ डिसेंबर

डिंगोऱ्याचा विषय येथे एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहावा लागणार नाही.

माझी मुलगी प्रयाग डिंगोऱ्याचे शेतकरी सोपानराव आमले यांच्या महादू नावाच्या मुलास दिली आहे. तिचे पहिले बाळंतपण जवळ आले आहे. पहिले बाळंतपण माहेरी करावे व त्यासाठी बापाने जाऊन लेक आणावी, हा रिवाज मला मान्य आहे. परंतु कार्तिकात तिच्या डोहाळजेवणास गेलो असता, पंगत उठल्यावर पानसुपारीचे तबक माझ्यापुढून नेऊन प्रथम पाटलाच्या मेहुण्यापुढे धरण्यात आले. मी मुलीचा बाप होतो. मी सुपारी न घेता उठलो. सोपानरावांनी जुन्नरास येऊन स्वहस्ते सुपारी दिल्याखेरीज त्यांच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, असे तेथेच जाहीर केले.

प्रयाग हे आमचे चौथे अपत्य. आधीची तीन पाचवीच्या पूजेपर्यंतही राहिली नाहीत. म्हणून बयाबाई घाबरते. भीती हा पुरावा नव्हे.

रविवार, ता. २२ डिसेंबर

आज बाजाराचा दिवस. जावई महादू बैलांसाठी दोर घेण्यास आला होता, तो ओसरीवर उभा राहून वडिलांचा निरोप सांगून गेला. निरोप जसाच्या तसा: “पावण्यांनी यावं आन् लेक न्यावी. आमी न्हाई म्हणत न्हाई. पर आमी आणून घालायचो न्हाई.”

मी उत्तर दिले की, आधी सुपारी. महादू म्हणाला, आबा, तबक धरणारं पोरगं सात वर्षांचं व्हतं, त्याला काय कळतंय. मी म्हटले, तबक कोणाच्या हाती द्यावे, हे थोरांस कळले पाहिजे. तो मान खाली घालून राहिला. पोरगा वाईट नाही.

नंतर तो चुलीपाशी जाऊन बयाबाईशी बोलला. प्रयागच्या पायांना सूज आहे, ती पायरी चढताना थांबते, असे काही तो म्हणाला. मला अधिकृतरीत्या सांगण्यात आले नाही.

शुक्रवार, ता. २७ डिसेंबर

साहेबांकडे नाताळ होता म्हणून काम दोन दिवस बंद होते. आज त्यांनी एका जुन्या यवन वैद्याच्या ग्रंथातील उतारा वाचून दाखवला. त्यात अनेथॉनाचे गुण दिले आहेत: पोटातील वारा धरतो तो सोडवते, उचकी थांबवते, बाळंतिणीस दूध आणते. शिवाय यहुदी लोकांच्या नियमांत असे आहे की, याच्या पाल्याचाही दहावा हिस्सा द्यावा व बियांचाही. म्हणजे पालाही खाण्याचा. साहेब म्हणाले, “हांडेराव, पाला भाजीला आणि बी बाळंतिणीला, असे तुमच्याकडे काय आहे?”

मला तत्काळ समजले. परंतु मी जिऱ्याचा विषय काढला.

थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच शेपू हे नाव घेतले. मी कडक हरकत नोंदवली. कारणे तीन. पहिले, शेपू ही उग्र वासाची भाजी असून खाल्ल्यावर संध्याकाळपर्यंत ढेकर येतात; देवाच्या ग्रंथात ती शोभत नाही. दुसरे, बडीशेप पानसुपारीत बसते, शेपू बसत नाही. तिसरे व निर्णायक असे की, तेवीस वर्षांत नाक्यावर शेपूची एकही नोंद नाही. ज्या जिनसेवर कोणतेच सरकार काही मागत नाही, तिच्यावर देव कसा मागेल?

साहेब पुढे वाकून म्हणाले, देवाने मागितले नव्हतेच; तो नियम त्यांचा त्यांनीच केलेला. तरी ते देत होते, हेच त्या वाक्यात आहे. आणि जे मागितले होते ते देत नव्हते.

मी हे लिहून घेतले. पटले असे म्हणत नाही.

रविवार, ता. ५ जानेवारी १९०८

काल पौष लागला. डिंगोऱ्याहून बाजाराला आलेल्या माणसाबरोबर विहीणबाई झुंबरबाई यांचा निरोप आला की, त्यांच्या घरात पौषात मूळ पाठवत नाहीत; म्हणजे लेक माहेरी जात नाही. फार पूर्वी एकीला पाठवली होती, ती परत आली नाही. आता माघ लागल्यावर बघू.

माघ लागेपर्यंत प्रयागचे दिवस भरलेले असतील. हे मला कोणी सांगावयास नको. मार्गशीर्ष महिना पुरा मोकळा होता. सोपानरावांना सुपारी आणता आली असती.

बयाबाई निरोप ऐकून चुलीकडे वळली. आज भाजीत मीठ नव्हते. मी ते निदर्शनास आणले नाही.

गुरुवार, ता. १६ जानेवारी

संक्रांत झाली. बयाबाईने तिळाचे लाडू कोणाबरोबर तरी डिंगोऱ्यास धाडले. मला विचारले नाही.

साहेबांनी निकालाची घाई केली आहे. ते म्हणाले, आपण दोघे शब्दावर भांडण्यापेक्षा रोपच डोळ्यांनी पाहू. यवन वैद्याच्या ग्रंथात लिहिले आहे की, अनेथॉनाची पाने केसांसारखी बारीक, फुलांची छत्री पिवळी, बी चपटे व कडेस पातळ. तुमच्या शेपूचे तसे असेल तर मान्य करा, नसेल तर मी बडीशेप ठेवतो. ही अट न्यायाची वाटल्याने मी कबूल केली.

परंतु अडचण अशी निघाली की, जुन्नरात शेपूचे फूल कोणी पाहिलेले नाही. माळी तो कोवळा असतानाच उपटून जुड्या बांधतो. नदीकाठचे सगळे मळे फिरलो. कोठेही फुलापर्यंत ठेवलेला नाही. केवलचंदांना विचारले, बाळंतशोपा तुमच्याकडे येतात कोठून? ते तराजू पुसत म्हणाले, लांबून, व्यापाऱ्याकडून. मग म्हणाले, पण जवळपास एकाने वाफा राखलाय असं ऐकतो. सुनेच्या बाळंतपणाला घरचं बी असावं म्हणून.

मी विचारले, कोणी?

“डिंगोऱ्याचे आमले,” केवलचंद म्हणाले. “तुमच्या ओळखीचे असतील.”

दुकानात दोन गिऱ्हाइके होती. ती हसली नाहीत, परंतु हसू नये म्हणून त्यांना प्रयत्न करावा लागला.

शनिवार, ता. १८ जानेवारी

विचारान्ती ठरवले की, कामासाठी जाणे व पाहुणा म्हणून जाणे हे भिन्न आहे. मी शेतात जाईन, घरात नाही. शेतास उंबरा नसतो. साहेबांना तसे कळवले. त्यांनी आपली बैलगाडी देऊ केली. एका रोपासाठी गाडी कशाला, असे मी म्हटले. साहेब म्हणाले, रोप नाजूक असते. आणि आपल्या पुस्तकाकडे पाहू लागले.

बयाबाईने गाडीत गवत पसरले आहे व त्यावर दोन गोधड्या आणि एक उशी घातली आहे. विचारले असता म्हणाली, गणेश खिंडीत गाडी फार आदळते, झाडाची फुले गळतील. हे मलाही सुचले नव्हते.

सोमवार, ता. २० जानेवारी

आजचा मजकूर सविस्तर लिहितो.

पहाटे निघून, गणेश खिंड उतरून, उन्हे तापण्याच्या सुमारास डिंगोऱ्यास पोहोचलो. गावात न शिरता गाडी परस्पर आमल्यांच्या मळ्यावर नेली. सोपानराव पाटाचे पाणी वळवीत होते. त्यांनी मला पाहिले, फावडे खाली ठेवले नाही.

मी सांगितले की, मी पाद्रीसाहेबांच्या कामास आलो आहे. शेपू फुलावर आलेला पाहावयाचा आहे. ते म्हणाले, बघा की. शेपू कुणाचा पाव्हणा न्हाई, तो रुसायचा न्हाई.

वाफा विहिरीच्या कडेस होता. मी आयुष्यात प्रथमच शेपू उभा वाढलेला पाहिला. कमरेइतका उंच, पाने धुरासारखी, वर पिवळ्या फुलांच्या छत्र्या. काही छत्र्यांत बी धरले होते. चोळून पाहिले: चपटे, कडेस पातळ, वास तोच. यवन वैद्याने लिहिल्यात एका अक्षराची चूक नव्हती. मी वाफ्यात बराच वेळ उभा होतो. तेवीस वर्षे ज्याची नोंद केली नाही ती वस्तू दिसण्यात चांगली आहे, असे माझे मत झाले.

सोपानराव म्हणाले, रानातली काडी न्यायची तर दोन घास खावे लागतील, बिगर खाल्ल्याचं मी काय देत न्हाई. मी म्हटले, घरात येणार नाही. ते म्हणाले, तुमास्नी घरात कोण बोलावतंय. भाकरी मळ्यावरच आली. भाजी शेपूची होती. शेत म्हणजे घर नव्हे, म्हणून जेवलो. जेवण झाल्यावर सोपानरावांनी कमरेची चंची सोडली, सुपारी कातरली व हात माझ्यापुढे धरला. सुपारी प्रथम मला दिली. तेथे दुसरे कोणी नव्हते, हे नमूद करणे आवश्यक आहे. मी ती घेतली.

भाकरीची पाटी घेऊन विहीणबाई झुंबरबाई आल्या होत्या, व त्यांच्या मागून पाण्याची कळशी घेऊन प्रयाग आली. नववा महिना भरत आलेल्या मुलीने कळशी उचलू नये. मी तसे बोललो नाही, कारण बोलण्याआधी तिचे पाय पाहिले. पावले दिसत होती, घोटे दिसत नव्हते. तोंड पांढरे होते. विहीणबाई म्हणाल्या, मी नगं म्हणत व्हते, ऐकलं न्हाई, बाप आलाय म्हणल्यावर.

प्रयागने कळशी ठेवली. म्हणाली, “आबा, कशाला आलात?”

मी म्हटले, शेपूसाठी.

“माझ्यासाठी न्हाई?”

मी म्हटले, काम पाद्रीसाहेबांचे आहे.

ती गाडीकडे पाहत राहिली. गोधड्यांकडे पाहत होती. मग म्हणाली, “मग शेपूला न्या. त्याला तर माहेर हाये.”

पाटाचे पाणी वाफा भरून बाहेर चालले होते. सोपानरावांनी ते वळवले नाही. शेवटी विहीणबाईच म्हणाल्या की, माझ्या मनात का न्हाई? पोरीला आईपाशी राहू दे असं मलाबी वाटतंय. सुईण म्हणती, ही सूज बरी न्हवं, हितं दुसरी बाई न्हाई माझ्या जोडीला. पर पौषात मूळ न्यायचं न्हाई, ही आमच्या घरची आण हाये. ती मोडली आन् काय झालं, तर जल्मभर मी माझ्या तोंडाकडं बघू कशी? हे म्हणताना त्यांनी पदर डोळ्यांस लावला. हसण्यात व टोमण्यात ही बाई मला नेहमी जड गेली आहे. रडताना प्रथमच पाहिली.

आण ही आण आहे. ती मोडा, असे मी सांगू शकत नव्हतो. मी स्वतः एक पाळत होतो.

तेव्हा मला नाक्याचा नियम आठवला. तो येथे उतरवतो. नाक्यावर नोंद होते ती मालाची. मालाबरोबर जो माणूस त्याच्या राखणीस असेल, तो मालाचा भाग समजला जातो. त्याची नोंद निराळी होत नाही व तो कोठे, कशासाठी चालला आहे, हे विचारले जात नाही. हा नियम मी तेवीस वर्षे पाळला असून त्यावर कधी कोणी बोट ठेवले नाही.

मी उभा राहून सोपानरावांना सांगितले की, मी मूळ म्हणून आलेलो नाही. मी मुलगी मागत नाही. मी शेपूचा एक गठ्ठा, मुळांसकट, फुले व बी यांसह जुन्नरास नेत आहे. माल नाजूक आहे. खिंडीत तो कोणीतरी मांडीवर धरून बसणे जरूर आहे. असा माणूस तुम्ही द्यावा.

सोपानरावांना समजण्यास थोडा वेळ लागला. मग ते विहीणबाईंकडे वळून म्हणाले, “काय गं? शेपू पौषात जातो का माहेरी?”

झुंबरबाईंनी नाक पुसले. म्हणाल्या, “शेपूचं आपल्यात काय बी न्हाई. शेपू जाऊ द्या.”

त्या घरी जाऊन प्रयागचे लुगडे व चोळ्या एका फडक्यात बांधून घेऊन आल्या. फडके मालाखाली अंथरण्यास आहे, असे म्हणाल्या. सोपानरावांनी स्वतः शेपू मातीच्या गड्ड्यासह काढला, ओल्या पोत्यात गुंडाळला व प्रयागच्या मांडीवर ठेवला. महादू गाडीमागे वेशीपर्यंत चालत आला. ओटी भरली नाही, कुंकू लावले नाही, कारण मालाची ओटी भरत नाहीत.

खिंड चढताना बैलांवर भार नको म्हणून मी खाली उतरून चालत आलो. प्रयाग म्हणाली, आबा, बसा, दमाल. मी म्हटले, शेपू हलतो. बऱ्याच वेळाने ती हसली. कशास हसली ते कळले नाही.

मंगळवार, ता. २१ जानेवारी

काल घरी पोहोचल्यावर बयाबाईने गठ्ठ्याकडे पाहिलेही नाही. रोप मीच परड्यात लावले. पाय दुखत असल्याने आज कोठे गेलो नाही. साहेब येऊन रोप पाहून गेले. पानाला हात लावून म्हणाले, हेच. प्रयाग दारात उभी होती. तिच्याकडे पाहून म्हणाले, सर्व सुखरूप आले ना? मी सांगितले, तीन छत्र्या मोडल्या.

लेखी मत कधी देता, असे त्यांनी विचारले. मी मुदत मागितली. डोळ्यांनी पाहणे निराळे व सही करणे निराळे.

बुधवार, ता. २९ जानेवारी

सकाळपासून सुईण कुशाबाई आत आहे. मला ओसरीवर बसण्यास सांगितले आहे. वेळ फुकट जाऊ नये म्हणून जिऱ्याविषयी टिपण करण्यास बसलो.

जिरे दोन प्रकारचे असते. पांढरे व काळे. पांढरे जिरे दोन प्रकारचे असते. जिरे दोन प्रकारचे असते.

कुशाबाई बाहेर येऊन गरम पाणी घेऊन गेली. विचारले, तिने उत्तर दिले नाही. मागील तीन वेळांसही अशीच गेली होती. ती नव्हे, तिची सासू.

जिरे दोन प्रकारचे असते.

अंगणात आणखी माणसे जमली आहेत. केवलचंद दुकान उघडे टाकून आले आहेत व उगमबाई आत गेल्या आहेत. केवलचंद काही विनोद करीत नाहीत. आत आवाज नाही. आवाज असताना बरे होते.

मुलगी झाली. बयाबाईने दारात येऊन सांगितले. प्रयाग शुद्धीवर आहे. रक्त फार गेले. कुशाबाई म्हणते, थांबले. मी विचारले, नक्की? कुशाबाई म्हणाली, नाकेदार, लिहून देऊ का?

मी हो म्हटले. तिला लिहिता येत नाही, हे नंतर लक्षात आले.

सोमवार, ता. ३ फेब्रुवारी

काल पाचवीची पूजा झाली. बाळाचे नशीब लिहिण्यास सटवाईला दौत व टाक लागतात म्हणून बयाबाईने माझे नेले होते. सकाळी परत मिळाले. टाक तपासून घेतला. लिहिल्याचे चिन्ह नाही.

मूल पाचवी ओलांडून गेले आहे.

परड्यातील रोपावरचे सर्व पिकलेले बी बयाबाईने बाळंतिणीसाठी ओरबाडून घेतले. डब्यात केवलचंदांचे असताना हे कशाला, असे विचारले. ती म्हणाली, ते विकतचं, हे सासरच्या रानातलं. आता पुराव्यादाखल देठ तेवढे उरले आहेत. दूध भरपूर आहे. यवन वैद्याच्या मताची ही पडताळणी झाली, असे साहेबांना कळवले.

शनिवार, ता. ८ फेब्रुवारी

उद्या बारसे. सोयर फिटल्यामुळे माणसांची ये-जा सुरू झाली आहे. डिंगोऱ्याहून सोपानराव व झुंबरबाई आज दुपारीच गाडी करून आले. झुंबरबाईंनी बाळ मांडीवर घेऊन तिला सांगितले की, तू शेपूतून आलीस गं बाई. हे बरोबर नाही. परंतु पाहुण्यांच्या बोलण्यात मी दुरुस्ती केली नाही.

पाद्रीसाहेब संध्याकाळी मत नेण्यास आले. पुण्यास उद्या टपाल जावयाचे आहे. त्यांनी विचारले की, हरकत अजून आहे का? शास्त्रात शेपू शोभत नाही, असे तुमचे म्हणणे होते.

मी त्यांना सांगितले की, ते म्हणणे मी मागे घेतो. तो शब्द लहान आहे व उग्र आहे, हे खरे. परंतु तो घरातला आहे.

ते म्हणाले, आणि परूशी लोकांविषयी? त्यांचे अजून बरोबर वाटते?

मी म्हटले, नोंदी बरोबरच होत्या. मात्र त्यांच्यापैकी एकाने जरी गाडी जुंपून मळ्यावर जाऊन पाहिले असते, तर एवढे ऐकून घ्यावे लागले नसते. साहेब उठून जवळ आले. त्यांनी माझा हात हातात घेतला. तसे करण्याचे कारण नव्हते.

त्यानंतर ओसरीवर बसून मत लिहिले व सर्वांस मोठ्याने वाचून दाखवले, ते असे:

“मी, सावळाराम बिन चांगदेव हांडे, स्वतः पाहून, चोळून, वास घेऊन व खाऊन लिहून देतो की, ख्रिस्ती शास्त्रात अनेथॉन म्हणून जी जिन्नस सांगितली आहे ती बडीशेप नव्हे. ती शेपू होय. तिचा पाला गरीब श्रीमंत सर्व घरांत खातात व तिचे बी बाळंतिणीस देतात. तिच्यावर नाक्याने कधी काही मागितले नाही. माझे पूर्वीचे मत याहून निराळे होते. ते रद्द समजावे. हे मत कोणाच्या दडपणाखाली दिलेले नाही.”

शेवटच्या वाक्यास सोपानराव खोकले. ते वाक्य मी कायम ठेवले.

मत दिले त्या वेळी समक्ष हजर असलेले साक्षीदार: सोपान आमले, राहणार डिंगोरे, यांनी निशाणी नांगर केली. झुंबरबाई, सदर इसमाचे कुटुंब. केवलचंद, किराणा दुकानदार, सही मोडीत. उगमबाई, दाराआडून. बयाबाई, माझे कुटुंब, चुलीपाशी असल्याने अर्धेच ऐकले, परंतु सर्व मान्य आहे म्हणाली. प्रयाग, आतील खोलीतून, बाजेवर पडून. आणि एक अज्ञान मुलगी, प्रयागची, वय दिवस अकरा, नाव अद्याप ठेवलेले नाही. वाचून दाखवीत असता माझ्या मांडीवर जागी होती.